राहिलेले दोन ठिपके

शारजाला जायच्या आदल्या दिवशी सकाळी आईनं गोंदणारणीला घरी बोलावून आणलं. मला न विचारता. माझी बॅग ओसरीवर उघडी पडली होती, वजन जास्त होऊ नये म्हणून मी लोणच्याची बरणी एकदा आत घालत होते, एकदा बाहेर काढत होते, आणि ही बाई पोतडी घेऊन दारात उभी. सिन्नरजवळच्या आमच्या गावात तेव्हाही अशा बाया क्वचितच यायच्या. आईनं तिला बाजाराच्या दिवशीच गाठून ठेवलं होतं म्हणे.

मी बावीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, लग्नाला तीन महिने झालेले, नवऱ्यानं पाठवलेला व्हिसा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. मी सरळ नाही म्हणाले. आईला न ऐकण्याची कला फार चांगली साधली होती. तिनं घोंगडी अंथरली, मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि माझं डावं मनगट त्या बाईच्या मांडीवर ठेवलं.

"दागिने काढून ठेवावे लागतात, कुणी चोरून नेतं. हे कुणी नेणार नाही," आई म्हणाली. "आणि तिकडं तुला ओळखणारं आहे कोण?"

पाच ठिपके काढायचे होते. मधोमध एक आणि भोवती चार कोपऱ्यांना चार. आई त्याला घर म्हणायची. आधी आतलं माणूस, मग भिंती. वहिनी तेव्हा नवी नवरी होती, ती काजळीची वाटी धरून शेजारी उकिडवी बसली होती. बाईनं दोऱ्यानं बांधलेल्या सुया काजळीत बुडवल्या, मधला ठिपका काढला, मग वरचे दोन. मी हात ओढून घेतला.

दुखलं म्हणून नव्हे. दुखण्याचं सोंग मी नंतर केलं. खरं कारण लिहायला लाज वाटते, पण आता लपवून तरी काय करायचंय. मला तो हात विमानात दिसला. हॅंडबॅगच्या पट्ट्यावर, ऑफिसच्या टेबलावर. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार गोंदलेले होते, तुळस, वृंदावन, बाबांचं नाव, काय काय. तसला हात घेऊन मला दुबईच्या विमानतळावर उतरायचं नव्हतं.

"अर्ध्यावर सोडत नसतात बाई," गोंदणारीण म्हणाली. "सुई भिजवली की पुरं करावं लागतं."

मी उठले आणि मोरीत जाऊन साबणानं हात घासत बसले. बाहेर आले तेव्हा ती बाई पोतडी बांधत होती आणि आई तिला सुपानं गहू घालत होती. आई रागावलेली दिसली नाही. माझ्या मनगटाला हळद लावताना एवढंच म्हणाली, "राहिलेलं पुढच्या खेपेला बघू."

शारजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दिलीपकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, घड्याळ मागितलं. त्याला वाटलं, बायकोला वेळेची फार किंमत आहे. रुंद कातडी पट्ट्याचं, पुरुषी घड्याळ होतं ते, पण त्याखाली तीनही ठिपके बरोबर झाकले जायचे. पुढं पट्टे बदलले, घड्याळं बदलली. झोपताना आणि अंघोळीला तेवढं काढायचं. उन्हानं सगळा हात रापला, पट्ट्याखालची कातडी मात्र गावाकडून आली तशीच राहिली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलेत त्यांना पुढचं सांगायला नको. आणि जे तिकडेच राहिलात त्यांना ते कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही. तुम्हाला फोटोतले मॉल दिसतात. मला आठवतो तो शारजातल्या रोला चौकाजवळचा चौथा मजला, जिथं खिडकी उघडली की एसीच्या यंत्राचा गरम वारा तोंडावर यायचा. दिलीप सकाळी सहाला गेला की संध्याकाळपर्यंत मी स्वतःशीच मोठ्यानं मराठी बोलायचे, आवाज बसू नये म्हणून. पुढं हमरिया फ्री झोनमध्ये टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे ड्रॉइंगची कुठली प्रत कुणाकडे आहे याची राखणदारीण. ईरा झाली, वाढली, इंग्रजीत बोलायला लागली. दिलीपची बदली दूर अबुधाबीकडच्या रुवैसला झाली आणि नवरा पंधरा दिवसांनी घरी येणारा पाहुणा झाला. दिवस भरलेले असायचे. तरी एकटं वाटायचंच. वीस वर्षांत मला त्याची सवय झालेली नाही.

आईचा फोन शुक्रवारी यायचा. सुरुवात ठरलेली.

"हात धड आहे ना?"

"हो गं. असं का विचारतेस दर वेळी?"

"असंच."

मला वाटायचं, जखम पिकली की काय याची तिला काळजी आहे. ठिपके काढून दहा वर्षं झाली तरी ही बाई जखमेचंच धरून बसलीये, असं मी दिलीपला हसत सांगायचे. सुट्टीवर गेले की ती एकदा तरी विचारायची, "राहिलेलं पुरं करायचं का यंदा?" आणि माझ्या तीस दिवसांचे आधीच लचके तोडलेले असायचे. सासर, दातांचा डॉक्टर, पासपोर्ट, तीन लग्नं. शिवाय आता गोंदणारणी येतात कुठं, हा माझा हुकमी मुद्दा. आई मान हलवायची. मग मी तिच्या शेजारी बसून तिचे हिरवे हात हातात घ्यायचे आणि टीव्ही बघायचे. ते हात मी इतक्या वेळा हातात घेतले. एकदाही नीट पाहिले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तिकीट मिळालं दुसऱ्या दिवशीचं, आणि गावात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, थांबणार तरी किती, असं सगळे मला समजावत होते. मी कुणाला दोष दिला नाही. अंगणात फक्त ओली जमीन होती, तिला शेवटची अंघोळ घातली होती तिथं.

तेराव्यानंतर वहिनी आणि मी मागच्या दारी बसलो होतो. वहिनी माझं मनगट बघत होती. सुतकात घड्याळ कशाला, म्हणून मी ते काढून ठेवलं होतं.

"वन्सं, तुमचे दोन सापडले मला," ती म्हणाली.

मला काहीच कळलं नाही. मग तिनं सांगितलं. त्या सकाळी मी मोरीत हात घासत बसले होते तेव्हा गोंदणारीण अडून बसली होती. सुई भिजली आहे, घर अर्धं राहिलं, असं ठेवून मी जाणार नाही, मला पाप लागेल. आईनं क्षणभर विचार केला आणि स्वतःचा डावा हात पुढं केला. "तिचे राहिलेले इथं काढ," म्हणाली. तुळशीच्या पानाखाली, कोपराच्या जरा अलीकडे, दोन ठिपके. एवढ्या हिरव्या गर्दीत ते कुणाला वेगळे दिसणार? वहिनीला तिनं तेव्हाच बजावलं होतं, सुनीला सांगायचं नाही, उगाच जिवाला लावून घेईल. सुनी म्हणजे मी, सुनंदा.

"अंघोळ घालताना मी मुद्दाम शोधले," वहिनी म्हणाली. "होते जागेवर."

मी तशी कोरडी बाई आहे. आल्यापासून रडले नव्हते. त्या दिवशी मात्र मागच्या दारी अशी रडले, की शेजारच्या घरातली माणसं बघायला आली.

परत आल्यावर मी घड्याळ पुन्हा बांधलं. सवय म्हणा, नाहीतर भित्रेपणा. ते सुटलं ते कारखान्याच्या नियमामुळे. गेल्या वर्षी एका माणसाची अंगठी यंत्रात अडकली, बोट थोडक्यात वाचलं, आणि पिवळ्या रेघेपलीकडे कुणीही घड्याळ-अंगठी घालायची नाही असा फतवा निघाला. सेफ्टी ऑफिसरनं खोकंच पुढं धरलं. "मॅडम, घडी इधर डालो, यल्ला, जल्दी." मी घातलं. एकवीस वर्षांनी माझं मनगट इकडे उघडं पडलं.

पहिल्यांदा पाहिलं ते लिऊनं. ही आमच्याकडे वेल्डिंग तपासणारी चिनी बाई, पस्तिशीची, दिवसभर भिंगातून जोड बघणारी. चहाच्या वेळी तिनं माझा हात सरळ ओढून डोळ्यांजवळ नेला.

"सुनंदा, यू हॅव त्स-छिंग."

मग तिनं फोड करून सांगितलं. त्स म्हणजे टोचणं. छिंग म्हणजे रंग. कुठला रंग? तिनं माझ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "धिस कलर. नॉट ग्रीन, नॉट ब्लू." काजळी काळी असते, आत गेली की हिरवी होते, आणि वर्षांनी तिला निळी झाक येते. आई आयुष्यभर हिरवं गोंदण म्हणत आली. तिकडे दूर चीनमध्ये कुणीतरी नेमक्या त्याच रंगाला शब्दात पकडून ठेवलं होतं, हे ऐकून मला का कोण जाणे, पण बरं वाटलं. त्यांच्यात आणखी एक शब्द आहे, वन-शन, नक्षी असलेलं अंग. तो सरळ, दुकानाच्या पाटीवर लिहिता येईल असा.

शेजारी हान बसला होता, आमचा कोरियन इंजिनियर. तो म्हणाला, आमचाही तोच शब्द, तीच चिनी अक्षरं, फक्त आमच्या तोंडी मुनशिन. त्याच्या आईनं भुवयांवर मुनशिन करून घेतलंय, रोज पेन्सिल फिरवायचा कंटाळा येतो म्हणून. पण हाननं दंडावर करायची नुसती गोष्ट काढली तर म्हणाली, घरी येऊ नकोस. "बॉडी इज फ्रॉम पेरेंट्स. यू कीप ॲज इट इज." आईवडिलांनी दिलं तसंच ते सांभाळायचं असतं. भुवया त्यात मोजत नाहीत वाटतं, असं मी विचारलं. तो खूप हसला.

मोरी-सानही आमच्यात बसले होते. हे क्लायंटचे जपानी इन्स्पेक्टर, साठीचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारे. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात इरेझुमी हा शब्द उच्चारला. शाई आत सारणं. जुन्या काळी गुन्हेगारांच्या हातावर अशी खूण करत, म्हणून अजून तो शब्द बोलताना लोक आवाज खाली घेतात. पण कारागिरांचा दुसरा शब्द आहे, होरिमोनो, कोरलेलं काम. लाकडावर कोरतात तसं. त्यांचे वडील सुतार होते, सगळ्या पाठीवर कोरलेलं. सार्वजनिक न्हाणीघरात अशांना आत घेत नसत. मुलं आत अंघोळ करायची आणि वडील बाहेर त्यांच्या चपला सांभाळत बसायचे.

"आय थॉट, फादर डझ नॉट लाइक बाथ," मोरी-सान म्हणाले आणि कपात बघत राहिले.

मी माझं सांगितलं. की आमच्यात उलटं आहे, आई स्वतः सुईवालीला बोलावून आणते, आणि पोरगी हात सोडवून पळते. त्या तिघांना हे पटेचना. लिऊ म्हणाली, आमच्यात गोष्टीत एक अशी आई आहे, लढाईला निघालेल्या मुलाच्या पाठीवर अक्षरं टोचणारी, सगळ्या मुलांना माहीत आहे ती. पण गोष्टीत. खरी आई रडून घर डोक्यावर घेईल. मग तिनं पुन्हा माझा हात उलटा केला, जोड तपासतात तसा.

"नॉट फिनिश्ड. व्हेअर इज द रेस्ट?"

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. माझ्या नवऱ्यानंसुद्धा विचारलं नव्हतं.

"माय मदर टुक इट," मी म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यानं एकच घेतलं. राहिलेलं पुरं करायचं. आईला मी ती जाईपर्यंत पुढच्या खेपेवर ठेवलं होतं, आता कुठली खेप उरली होती? शिवाय ईराला सोलच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता. ही पोरगी कोरियन मालिका बघून बघून कोरियन शिकलेली. आईशी मराठी बोलायला जीभ वळत नाही, कोरियन मात्र फडाफडा. ती ऑगस्टमध्ये जाणार होती. तिच्या आधी माझं घर पुरं व्हायला हवं, असं मला वाटत होतं. का, ते सांगता येत नव्हतं.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा आम्ही दोघी नाशिकला एका टॅटूवाल्याकडे गेलो. गोंदणारीण शोधली होती, वहिनीनं चार गावांत विचारलं, कुणी उरलेलं नाही. हा चाळिशीचा, जाड चष्म्याचा, अदबीनं बोलणारा माणूस. हातमोजे घातले, माझ्या देखत सुईचं पाकीट फोडलं, चिमुकल्या टोपणात शाई ओतली. माझं मनगट गादीवर ठेवलं, दिवा ओढला.

"मॅडम, जुने तीन फिकट झालेत," तो म्हणाला. "मी त्यांच्यावरूनही फिरवतो. पाचही अगदी एकसारखे दिसतील. नवं कुठलं, जुनं कुठलं, ओळखू येणार नाही."

मी हात ओढून घेतला.

दुसऱ्यांदा. त्याच हाताला, तसाच झटका. एकसारखे दिसतील म्हणे. म्हणजे मी कधी उठून पळालेच नव्हते, आईनं तिचा हात कधी पुढं केलाच नव्हता. माझे ते दोन कोपरे मोकळे होते म्हणूनच आईचे दोन खरे होते. ते भरले असते तर तिच्याकडे काय राहिलं असतं? हे मला त्या खुर्चीत समजलं.

"मॅडम, सुई उघडली आता," तो बिचारा म्हणाला. "ही दुसऱ्या कुणाला चालत नाही. शाईपण फेकावी लागते."

ईरा माझ्या मागं स्टुलावर फोन बघत बसली होती. ती उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि स्वतःचं डावं मनगट दिव्याखाली ठेवलं.

"ओके. आय विल टेक देम. जस्ट टू. हिअर अँड हिअर."

"नाही," मी म्हणाले. क्षणात. हानच्या आईसारखी. अठरा वर्षांची कोरी कातडी ती, मी तेल लावून वाढवलेली.

"मम्मा," ती म्हणाली, आणि मग मराठीत म्हणाली, "आजीनं कुठं तुला विचारलं होतं?"

ही गोष्ट मी तिला एकदाच सांगितली होती, स्वयंपाक करता करता, आणि तेव्हा ती कानात हेडफोन घालून बसली होती. मला वाटलं होतं, ऐकलंच नाही.

दोन मिनिटं लागली. यंत्राची घरघर थांबली तेव्हा तिच्या मनगटावर खालचे दोन कोपरे उमटले होते, काळे कुळकुळीत. तिनं माझं मनगट आपल्याजवळ ओढलं, शेजारी धरून बघितलं आणि फोटो काढला. घरी येऊन वहिनीनं दोघींना हळद लावली. मला लावायची काही गरज नव्हती, पण लावली.

ऑगस्टमध्ये ईरा गेली. दिलीप रुवैसहून आला होता, तो तिला विमानतळावर सोडून तसाच परत कामावर गेला. मी घरी आले. तिच्या खोलीतला एसी चालूच राहिला होता. तो बंद केला आणि मग घरात कुठलाच आवाज नव्हता.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं? शारजाचा व्हिसा दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो, तेव्हा ते माझं नव्हे. गावचं घर भावाचं आहे, त्यानं नवा मजला चढवलाय, तिथं मी पाहुणी. विचार केला तर माझं घर म्हणजे तीन बायकांचे तीन डावे हात. त्यातला एक जळून गेला. एक सोलच्या थंडीत हातमोज्यात आहे. आणि एक इथं, चौथ्या मजल्यावर, एका माणसाची भांडी घासतो. घड्याळ मी आता बांधत नाही. वेळ फोनवर दिसते.

ईराचा व्हिडिओ कॉल रविवारी येतो. ती चालता चालता बोलते, फोन डाव्या हातात असतो, त्यामुळं मनगट कधी दिसत नाही. सगळा चेहरा, मागं बर्फ, दुकानांच्या पाट्या. मी जेवलीस का विचारते, अभ्यास विचारते. तिला बस पकडायची असते. मग मी विचारते.

"हात धड आहे ना?"

"येस, मम्मा. व्हाय डू यू ऑल्वेज आस्क?"

"असंच," मी म्हणते.